ताई, तुम्ही पुढे व्हा

"ताई, तुम्ही पुढे व्हा," सरदेसाई म्हणाले. "तुमच्या मागे राहिलं की कसं, अगदी निवांत वाटतं."

आणि मी झाले की पुढे! आज इतक्या वर्षांनी हे सांगतानासुद्धा माझी कानशिलं तापतात. जतच्या पलीकडच्या एका फाट्यावर, धाब्याच्या अंगणात, मी ओल्या रुमालानं तोंड पुसलं, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि चार धट्ट्याकट्ट्या पुरुषांच्या पुढे सायकल रस्त्यावर घेतली. वर मनात म्हटलं, बघा, किती मान देतात मला!

आम्ही पाच जण त्या दिवशी सकाळी सहाला सांगलीहून निघालो होतो. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे होती. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. पहिला, दुसरा असा नंबर त्यात नसतो. ठरलेल्या रस्त्यानं जायचं, ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का मारून घ्यायचा आणि ठरलेल्या वेळेच्या आत माघारी यायचं. वाटेत बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. आमची वेळ संध्याकाळी साडेसातची होती. साडेसातच्या आत पोचलात तर तुमचं नाव लागलं, त्यानंतर पोचलात तर तुम्ही दिवसभर ऊन खाऊन आलात, इतकंच.

मला ते नाव लागायला हवं होतं. फार हवं होतं. मी मूळची पळणारी. मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे आणि पहाटे पळून आल्याशिवाय मी कधी दुकानाचं शटर वर केलं नाही, अशी पंधरा वर्षं गेली. मग उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरून मला आतली फाटलेली गादी दाखवली आणि म्हणाले, "पळणं विसरा आता." नवरा म्हणाला, "पद्मजा, पुरे झालं. पन्नाशी आली. आता देवाधर्माचं बघ." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी शिरा केला. ज्या गिऱ्हाइकांना मी गुडघ्याचे पट्टे विकायचे, ती आता मलाच कुठला पट्टा चांगला ते सांगायला लागली. मी हो हो म्हणायचे आणि मागच्या खोलीत जाऊन रडायचे.

तेव्हा विलास आवटी घरी आला. विलास वीज मंडळात इंजिनियर. आम्ही दोघं दहा वर्षं बरोबर पळत होतो. त्याच्या पहिल्या मॅरेथॉनला मीच त्याची पेसर होते. पेसर म्हणजे पुढे पळून गती धरून ठेवणारा. शेवटी शेवटी तो रस्त्यातच रडायला लागला होता, "पद्मा, सोड मला," म्हणत होता. मी सोडला नव्हता. माझ्या दोन वर्षं आधी त्यानं सायकल धरली होती. त्या दिवशी त्यानं त्याची जुनी सायकल माझ्या अंगणात उभी केली आणि म्हणाला, "गुडघ्यावर भार येत नाही. बस." मी बसले. माझा नवरा दारात उभा राहून बघत होता, सासूबाई खिडकीतून.

सगळं शिकवलं त्यानं मला. गिअर कधी टाकायचा, पंक्चर कसं काढायचं, केळं कधी खायचं, मीठ किती. सीट टोचू नये म्हणून असते ती गादीची चड्डी कशी घालायची ते मात्र त्यानं लाजून बायकोकरवी सांगितलं. त्यानंच मला क्लबात नेलं. तिथे सरदेसाई होते, प्लॉट पाडून विकायचा त्यांचा धंदा, आणि हार्डवेअरवाले दोघे इनामदार भाऊ. चौघांचा जुना जम होता. दर रविवारी आम्ही नरसोबाच्या वाडीला, कधी कोल्हापूरला जायचो, आणि पहिल्या रविवारपासून मला एकच वाक्य ऐकू यायचं, "ताई, तुम्ही पुढे व्हा."

आता पळणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं पुढे असणं म्हणजे काय, हे लक्षात घ्या. पळताना जो पुढे असतो तो गती धरतो, बाकीचे त्याच्यावर विसंबतात. तो मान असतो. पन्नाशीच्या बाईला, गुडघा गेलेल्या, घरात बसायला सांगितलेल्या बाईला चार पुरुष पुढे घालतात! मला गुदगुल्या व्हायच्या. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं मला त्यांनी, आणि मी शेंड्यावर जाऊन बसले होते.

आषाढाचे दिवस होते. जतकडे आषाढात पाऊस नावाला पडतो, वारा मात्र असा सुटतो की रस्त्यानं चालणारी माणसं तिरकी चालतात. नागजपासून पुढे डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगीच नाहीत. सकाळी जाताना तो वारा पाठीमागून ढकलत होता आणि मला वाटत होतं, काय पाय लागलेत आज! धाब्यावरून माघारी वळल्यावर तो थेट तोंडावर आला.

पहिले काही किलोमीटर मी दात चावून काढले. डोळ्यांत धूळ, कानांत भणभण, हँडल हातातून निसटू बघतंय. पेडल मारलं की सायकल पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी कुरकुरते असं वाटायचं. मागून मात्र आवाज यायचे.

"वा ताई! कसला पेस धरलाय!"

"असंच राहू द्या, ताई. कमी नको, जास्त नको."

मग त्यांच्या गप्पा सुरू व्हायच्या. थोरले इनामदार भावाच्या लग्नातल्या बिर्याणीचं सांगत होते. सरदेसाई कुपवाडच्या प्लॉटचं सांगत होते, मध्येच हसत होते. मला तर एक शब्द बोलायचा म्हटला तरी दम पुरत नव्हता. हे लोक एवढ्या वाऱ्यात गप्पा मारताहेत, आणि माझ्या तोंडाला फेस आलाय. मला माझीच लाज वाटली. वाटलं, नवरा म्हणतो ते खरं. संपलं माझं. गुडघ्यापाठोपाठ आता छातीही गेली.

जत मागे पडलं. शेगावच्या चढावर मी एकदा म्हटलं, "विलास, जरा दम खाते."

"थांबू नकोस, पद्मा," तो मागून म्हणाला. "लय तुटते. तू छान चाललीयस."

मी थांबले नाही. त्याचा शब्द होता ना.

नागज फाट्यावर चहाच्या टपरीशेजारी क्लबाचा माणूस शिक्के घेऊन बसला होता. मी कार्ड पुढे केलं, शिक्का मारून घेतला, टपरीच्या मागे गेले आणि पोटात होतं नव्हतं ते ओकून टाकलं. परत येऊन मी बाकडं धरून उभी राहिले. चौघं चहा पीत होते. धाकट्या इनामदारांनी भजी मागवली होती.

सरदेसाईंनी माझ्याकडे पाहून चकचक केलं. "ताई, तुमचं आज काही खरं दिसत नाही."

"पाच मिनिटं बसते," मी म्हणाले. "मग निघू."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कप खाली ठेवले. सरदेसाई हेल्मेट चढवत म्हणाले, "असं आहे ताई, यात प्रत्येकानं आपापलं बघायचं असतं. तोच तर नियम आहे. आमची वेळ आत्ता बरोबर जमतेय. तुमच्यासाठी थांबलो तर सगळ्यांचंच जाईल."

मी विलासकडे पाहिलं. तो माझ्या बाटलीत पाणी भरत होता. बाटली त्यानं माझ्याजवळ बाकड्यावर ठेवली आणि हळूच म्हणाला, "तू ये सावकाश. नाहीच जमलं तर एखादा टेम्पो बघ. उगीच जिवावर नको बेतायला."

"टेम्पो?"

"पद्मा, सगळ्यांनाच सगळं जमतं असं नाही."

आणि गेले चौघं. मी बघत बसले. ताजेतवाने होते हो ते. शंभर किलोमीटर पाठीमागच्या वाऱ्यावर आणि पुढचे पन्नास गप्पा मारत. मला अजून काही कळलेलं नव्हतं. मला फक्त वाटत होतं की मी म्हातारी झाले, आणि विलासनं ते माझ्या आधी ओळखलं.

टेम्पो मी खरंच बघायला लागले होते, तेवढ्यात एक मुलगी आली. विशी-बाविशीची, सडपातळ, हातापायांवर ग्रीसचे पट्टे. सायकल तिनं टपरीला टेकवली, शिक्का घेतला आणि माझ्या शेजारी धपकन बसली.

"दोनदा पंक्चर झाली बघा," ती म्हणाली. "बाभळीचं काटं. तुमचं काय झालं, अक्का? तोंड पांढरं पडलंय की."

ती विजापूरकडची, दानेश्वरी बिरादार. शाळेत असल्यापासून सायकलच्या शर्यती मारायची, आता गुडघ्याएवढ्या पोरांना शिकवायची. मी तिला म्हटलं, काही नाही गं, वय झालं. बरोबरच्यांना झेपलं, मला नाही.

"बरोबर कोण होतं?"

"चौघं. आत्ताच गेले. सकाळी जाताना बघितलं असशील तू त्यांना."

"त्ये व्हय! धाब्यावरनं निघताना बघितलं की मी तुम्हाला. तुम्ही पुढं होता." मग तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "मग पुढं कोण कोण आलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यानंतर पुढं कोण लागलं? त्यानंतर कोण?"

"कोणी नाही. मीच होते पुढे. इथपर्यंत."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हिंदीत, मराठीत, कानडीत काहीतरी पुटपुटली, त्यातलं कानडी मला कळलं नाही, पण ते देवाचं नाव नव्हतं एवढं नक्की.

"अक्का, सगळा रस्ता? ह्या वाऱ्यात? आणि ते चौघं बाप्ये मागं बसून आलं?"

"बसून कसे येतील? त्यांनीही सायकलच मारली की."

"तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई?"

"काय?"

ती उठली. "चला. बोलून कळायचं न्हाई. निम्मी केळी खावा, पाणी प्या आणि सायकल काढा. माझ्या मागच्या चाकाला चिकटून ऱ्हावा. असं वीतभर अंतर. भिऊ नका, मी ब्रेक दाबत न्हाई."

मी कशीबशी सायकलवर बसले. ती पुढे झाली, मी तिच्या चाकामागे शिरले, आणि वारा बंद झाला.

खरंच सांगते, बंद झाला. कानातली भणभण थांबली. रस्त्याकडेची झाडं अजून वाकत होती, धूळ अजून उडत होती, आणि मला तिच्या चाकाचा कुरकुर आवाज ऐकू येत होता. पाय आपले आपण फिरत होते. मी नाकानं श्वास घेत होते. गप्पा मारता आल्या असत्या मला. बिर्याणीच्यासुद्धा.

"कळलं?" तिनं मान न वळवता विचारलं.

"हं," मी म्हणाले.

"पुढच्याला वारा लागतो, मागच्याला न्हाई," ती म्हणाली. "म्हणून जरा वेळानं पुढचा बाजूला होतो आणि शेवटाला जातो, मागचा पुढं येतो. लहान पोरांना मी पहिल्या दिवशी हे शिकवतो. जो पुढं येत न्हाई त्याला पोरं रस्त्यात उभं करून शिव्या देतात. आता तुम्ही थोडा वेळ या पुढं. दमायच्या आधी हात हलवा, मी येतो."

मी पुढे गेले. वारा पुन्हा तोंडावर आला, आणि त्याच्याबरोबर सगळं आलं. वर्षभरातला एकेक रविवार. 'ताई, तुमचा पेस आम्हाला सूट होतो.' 'ताई, तुमच्या मागे निवांत वाटतं.' खोटं कुठे बोलले होते ते? निवांतच वाटत होतं त्यांना! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवली. पन्नास किलोमीटर मी माझ्या शरीराला शिव्या देत आले होते. माझ्या छातीला, माझ्या वयाला. आणि माझ्या शरीरानं चौघांना ओढून आणलं होतं. वर मलाच टेम्पो!

आम्ही दोघी आळीपाळीनं पुढे होत गेलो. कवठे महांकाळ गेलं. द्राक्षबागांच्या कडेनं रस्ता जरा खाली उतरतो, तिथे ते चौघं दिसले. पायी चालल्यासारखे चालले होते. लांबूनच त्यांची भांडणं ऐकू येत होती.

"तू म्हणालास दोन मिनिटं, एक पण नाही झालं."

"माझ्या पायात गोळा आलाय, दादा."

"मग मी एकट्यानं काय मक्ता घेऊन ठेवलाय?"

आमची चाहूल लागताच सरदेसाईंनी मागे वळून पाहिलं. चेहरा असा खुलला की बायकोला पाहूनही खुलला नसेल. "अरे वा! ताई! म्हटलं नव्हतं, येतील म्हणून? या, या. पुढे व्हा!"

आम्ही बाजूनं गेलो आणि काही कळायच्या आत चौघंही आमच्या मागे रांगेत लागले. दानेश्वरीनं मागे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अक्का, ह्यांना मी झटक्यात तोडतो. पण तुम्हाला माझ्याबरोबर यायला जमायचं न्हाई."

"नाही जमणार," मी म्हणाले. "तू जा."

"आणि तुम्ही?"

"माझा वेळ आहे अजून. तू पुढे जा. तुझं नाव लागलं पाहिजे."

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग ती पेडलवर उभी राहिली आणि बघता बघता लहान झाली. इनामदारांनी तिच्या मागे लागायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. पुन्हा माझ्या मागे येऊन बसले. सवयीची जागा.

साडेसातला अजून अवकाश होता. मी शांतपणे विचार केला. म्हणजे मला तेव्हा तरी तो शांतपणे केल्यासारखा वाटला. पाच जण आहोत. पाळीपाळीनं पुढे झालो तर पाचही जण वेळेत पोचतो. मी एकटीनं ओढलं, तरी बहुतेक पोचतो. मग उद्या पेपरात फोटो येणार, चौघांचा आणि मध्ये माझा.

मी उजवीकडे सरकले, हात हलवला. "सरदेसाई, या पुढे. आता तुमची पाळी."

"माझी?" ते असे दचकले, जणू मी त्यांच्याकडे किडनी मागितली.

"हो. मग इनामदार. मग धाकटे. मग विलास. मग मी."

चौघांनाही कळलं की मला कळलंय. सरदेसाई पुढे आले. रस्त्याकडेचे चार विजेचे खांब गेले नसतील, तोवर ते फूफू करत बाजूला झाले. थोरल्या इनामदारांच्या पायात गोळा होता. धाकट्यांचं पोट भज्यांनी बिघडलं होतं. फिरून पुन्हा मी पुढे.

ठीक आहे, मी म्हटलं. मग माझ्या पद्धतीनं.

मी गिअर हलका केला आणि पाय सोडले. मला जेवढं सहज जमेल, तेवढंच. दळण आणायला निघाल्यासारखी. भोसे आलं तसं त्यांच्या लक्षात यायला लागलं.

"ताई, स्पीड पडतोय," सरदेसाई ओरडले.

"हो, वारा आहे ना."

"अहो, पण वेळ!"

"बाजूनं या की. रस्ता मोठा आहे."

कोणी बाजूनं येईना. प्रत्येक जण वाट बघत होता की दुसरा जाईल आणि मग आपण त्याच्या मागे लागू. चार धडधाकट पुरुष एका बाईच्या मागे, आणि बाई दळणाच्या गतीनं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. माझंही साडेसात चाललं होतं ना. एकेका मैलाच्या दगडाबरोबर ते जाताना मला दिसत होतं. सहा महिने मी त्या एका शिक्क्यासाठी पहाटे उठले होते. दोनदा मनात आलं, जाऊ दे पद्मजा, मार जोर, पोच, तुझं तरी नाव लागू दे. आणि दोन्ही वेळा मागून सरदेसाईंचा आवाज आला, "असंच ताई, थोडं वाढवा, थोडं." पाय पुन्हा सैल पडले.

तानंग फाट्याच्या अलीकडे विलास माझ्या शेजारी आला. पुढे नव्हे, शेजारी.

"पद्मा, काय चाललंय हे?"

"सायकल चाललीय."

"वेळ बघितलीस?"

"बघितली. तू ये पुढे. एवढा रस्ता तू ओढ, आत्ता मी तुझ्या चाकाला लागते आणि आपण पोचतो."

"माझ्या पायात काही राहिलं नाही गं."

"माझ्या राहिलं होतं? शेगावच्या चढावर?"

वारा दोघांच्याही तोंडावर होता. त्यानं मान खाली घातली होती, वाऱ्यामुळे का माझ्यामुळे, कोण जाणे.

"विलास, गादीच्या चड्डीपासून सगळं शिकवलंस मला. एवढंच कसं राहिलं?"

त्यानं एकदा गिअर बदलला. मग म्हणाला, "तुला आवडतं ना पुढे राहायला. तू खूश असायचीस. मला वाटलं, कशाला सांगायचं."

तिघांनी फसवलं त्याचा राग होता. पण हे ऐकलं आणि तो राग किरकोळ वाटायला लागला. कारण खरं होतं ते. मला आवडायचं. त्याला माझं सगळं माहीत होतं, तसं हेही माहीत होतं, आणि त्यानं ते वापरलं. चौघांत जाऊन बसला आणि माझी पाठ वापरली.

"आवडायचं," मी म्हणाले. "वाटायचं, तू पाठीशी आहेस. आता बोल, येतोस पुढे?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं पेडल मारणं थांबवलं, सायकल मागे पडू दिली आणि तो सरदेसाईंच्या मागे रांगेत जाऊन लागला.

मिरज आलं. माझ्या दुकानावरून आम्ही गेलो तेव्हा कामावरच्या पोरानं दिवे लावले होते. "एका बाईच्या हट्टापायी चौघांची ब्रेव्हे घालवताय तुम्ही!" सरदेसाई ओरडले. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"चौघं आहात," मी त्याहून मोठ्यानं ओरडले. "या की पुढे!"

सांगलीत मंगल कार्यालयाच्या अंगणात क्लबाचं टेबल होतं. आम्ही पोचलो तेव्हा गुळवणी सर कार्डांचा गठ्ठा रबर लावून बांधत होते. गुळवणी सर क्लबाचे अध्यक्ष, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, माणूस सज्जन. बाजूच्या खुर्चीत दानेश्वरी भडंगाची पुडी घेऊन बसली होती. तिच्या गळ्यात पदक होतं. मला पाहून ती उभी राहिली.

"अरेरे," सर म्हणाले. "थोडक्यात गेलं हो. दहा मिनिटं. सरदेसाई, तुम्ही तर जुने खेळाडू. काय झालं काय?"

सरदेसाईंनी हेल्मेट काढलं, केसांवरून हात फिरवला आणि एक मोठा उसासा सोडला. "काय सांगायचं, सर. ताईंची तब्येत बिघडली. आता बाईमाणसाला रस्त्यात टाकून यायचं कसं? म्हटलं, गेली ब्रेव्हे तर गेली. बरोबर घेऊन आलो."

मला वाटलं होतं मी त्या दिवसापुरती चिडून संपलेय. नव्हते संपले. मी विलासकडे पाहिलं. एक वाक्य. एक वाक्य तो बोलला असता तर मी त्या क्षणी सगळं सोडून दिलं असतं. तो पाण्याच्या रिकाम्या बाटलीचं झाकण लावत होता, काढत होता, लावत होता.

गुळवणी सर माझ्याजवळ आले. फार मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका, मगदूमताई. नवीन आहात तुम्ही. एक सांगून ठेवतो, पुढच्या वेळी लक्षात ठेवा. असा वारा असला ना, की या लोकांच्या मागे राहायचं. मागच्याला वारा लागत नाही. आरामात पोचला असता."

"मागेच राहणार होते, सर," मी म्हणाले. "पण मागे जागा नव्हती. हे चौघं होते."

दानेश्वरीच्या तोंडातला भडंग बाहेर आला. ती एवढ्या मोठ्यानं हसली की कार्यालयाचा आचारी बाहेर डोकावला. बाकी कोणी हसलं नाही. गुळवणी सरांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. सरदेसाईंकडे पाहिलं, दोघा भावांकडे पाहिलं, विलासकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांनी तो गठ्ठा टेबलावर ठेवला.

"कुठपासून?" त्यांनी मला विचारलं.

"गेलं वर्षभर," मी म्हणाले.